घोट्याच्या उंचीवरून दिसलेली माणसं

खंडेनवमीला सेन्सरच्या गळ्यात माळ घालू नका, अशी सूचना कोणत्याही मॅन्युअलात छापलेली नसते. छापायला हवी. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, सळयांच्या मोळ्या बांधणाऱ्या यंत्रापाशी आम्ही लेझर स्कॅनर बसवला होता. माणूस फार जवळ गेला की यंत्र थांबवायचं, एवढंच त्याचं काम. पूजेच्या दिवशी पाळीतल्या मंडळींनी यंत्र धुतलं, पुसलं, नारळ फोडला, झेंडूच्या माळा चढवल्या. त्यातली एक माळ स्कॅनरच्या वाट्याला आली, आणि त्याच्या काळ्या काचेवर कुंकवाचं बोटही उमटलं. पुढच्या पाळीला यंत्र काही केल्या सुरू होईना. स्कॅनरच्या हिशेबाने त्याच्यापुढे चार बोटांवर कोणीतरी ठाण मांडून उभं होतं.

मला फोन आला. जाऊन पाहतो तो माळ. काढायला हात पुढे केला, तर फोरमनकाका मध्ये आले. "पूजेची माळ हाये ती. सुकून आपोआप पडंल तवा पडंल." काका वयाने मोठे, मिलमध्ये त्यांचा शब्द मालकाच्या शब्दाच्या बरोबरीचा. शेवटी तोड निघाली ती अशी: माळ मागच्या ब्रॅकेटला बांधायची, कुंकू वरच्या टोपणाला लावायचं, काच मात्र मोकळी ठेवायची. यंत्र चालू झालं. तेव्हापासून त्या मिलमध्ये तीच रीत आहे, आणि नव्याने आलेल्या पोरांना ती परंपराच वाटते.

मी नवीन जालन्याचा, काद्राबादचा. कारखान्यांतले सेन्सर बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं हा माझा धंदा. या धंद्यात माणसाचा अभ्यास करावा लागेल, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण स्कॅनर बसवून आठवडा लोटला की मिलमध्ये एक मजेशीर गोष्ट दिसायला लागते. स्कॅनरभोवती दोन कक्षा आखलेल्या असतात. बाहेरच्या कक्षेत पाय पडला की पिवळा दिवा लुकलुकतो, आतल्या कक्षेत पडला की यंत्र थांबतं. जमिनीवर रेघ मारलेली नसते, तरी कामगार थोड्याच दिवसांत नेमक्या अशा वाटेने जाऊ लागतात की दिवा तर पेटावा, पण यंत्र थांबू नये. पाच पावलांचा वळसा वाचतो ना! लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची कड सगळ्या पाळीला पाठ असते. साहेब आसपास असतील तेव्हा हीच माणसं लांबून फिरून जातात.

पुढे कळलं, की जगभर लेझर लावून माणसांच्या चालण्या-थांबण्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांनाही सगळ्यात आधी हेच भेटतं. माणसं चालतात कशी हे नंतर. आधी दिसतं ते हे, की मोजणाऱ्या वस्तूशी माणसं वागतात कशी.

त्यांची उपकरणंही आमच्याच गोठ्यातली. जर्मनीत एर्विन झिक नावाच्या माणसाने १९४६ साली कंपनी काढली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशाचा पडदा तयार केला. प्रेस मशीनपुढे किरणांची एक जाळी, कामगाराचा हात मध्ये आला की प्रेस जागच्या जागी थांबणार. किती लोकांची बोटं त्यामुळे शाबूत राहिली असतील, याचा हिशेब कोणाकडे नसेल. पुढे याच झिक कंपनीचे लेझर स्कॅनर कारखान्यांत आले, आणि तिथून यंत्रमानव बनवणाऱ्या प्राध्यापकांच्या हाती पडले. २००५ साली अमेरिकेच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची जी शर्यत झाली, ती जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली' गाडीच्या टपावर झिकचे पाच स्कॅनर होते. मूळचं काम मात्र राखणदाराचंच.

तत्त्व सोपं आहे. आत एक आरसा गरगर फिरतो. त्याच्यावरून लेझरचे बारीक ठोके चहूकडे फेकले जातात, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. पाच मीटरवर उभ्या माणसाकडून ठोका परत यायला ३३-३४ नॅनोसेकंद लागतात. चांगल्या स्कॅनरमध्ये पाव-पाव अंशाला एक मोजमाप, २७० अंशांत १,०८१ ठिपके, आणि अशा चाळीस फेऱ्या दर सेकंदाला. किरण डोळ्यांना न दिसणारा आणि डोळ्यांना अपाय न करणाऱ्या वर्गातला. इतकं सगळं करून हाती काय येतं? काकडीची एक चकती कापावी, तसा माणसाचा एका उंचीवरचा एकच काप. चेहरा नाही, कपड्यांचा रंग नाही, वय नाही, जात नाही.

म्हणून काप कुठे घ्यायचा, हा पहिला वादाचा मुद्दा. तोक्यो विद्यापीठात हुइजिंग झाओ आणि र्‍योसुके शिबासाकी यांनी स्कॅनर जवळपास जमिनीला टेकवले, घोट्यांच्या उंचीवर. त्यांचं काम २००५ साली प्रसिद्ध झालं. स्टेशनच्या गर्दीत कमरेच्या वर सगळा गोंधळ असतो. पिशव्या, छत्र्या, हातातली पोरं, एकमेकांना चिकटलेले खांदे. घोट्याशी मात्र मोकळीक असते. शिवाय चालणाऱ्या माणसाचा एक पाय हलत असतो तेव्हा दुसरा टेकलेला असतो. टेकलेला पाय क्षणभर एकाच जागी ठिपक्यांचा पुंजका देतो, मग तो उचलला जातो आणि पुढे दुसरा पुंजका उमटतो. या लयीवरून कोणता पाय कोणत्या पायाचा जोडीदार, हे त्यांनी ओळखलं आणि दोन पाय जोडून एक माणूस केला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. वर्षानुवर्षं आम्ही याच उंचीवर स्कॅनर लावत आलो, पण आमच्या दृष्टीने पाय म्हणजे निव्वळ अडथळा. तो चालतो कसा, हे पाहायची गरजच पडली नव्हती.

जपानच्याच एटीआर या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी काप कमरेच्या आसपास घेतला. त्या उंचीला धड आणि दोन्ही बाजूंचे हात सापडतात आणि माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे याचा अंदाज येतो. पायांवरून वाट कळते, धडावरून रोख.

आता सुटसुटीतपणाबद्दल. मी ज्या पिढीच्या स्कॅनरवर हात बसवला ते साडेचार किलोचे होते. वीज २४ व्होल्टची, वेगळा पॅनल, जाड केबल. असं धूड बाजारात नेऊन लोकांना पाहायचं म्हटलं तर आधी लोकच धूड पाहायला जमणार. मग ओसाकाच्या होकुयो कंपनीचा १६० ग्रॅमचा स्कॅनर आला. मुठीत मावणारा, लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा. पल्ला चार मीटरचा, पण खोलीतल्या किंवा बोळातल्या माणसांना तेवढा पुरे. त्यानंतर शांघायच्या स्लॅमटेकचे फिरत्या डोक्याचे स्वस्त स्कॅनर आले, ते आता पॉलिटेक्निकची पोरंही प्रोजेक्टला वापरतात. २०२० पासून तर महागड्या आयफोनच्या पाठीवर याच जातीचं उपकरण येऊ लागलं. राखणदार कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला तो असा.

असाच एक छोटा स्कॅनर हाताशी होता म्हणून एका संध्याकाळी मी तो आमच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर ठेवला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. अभ्यासबिभ्यास काही नाही, निव्वळ हौस. काद्राबादची गल्ली, संध्याकाळची वेळ, म्हणजे माणसांची ये-जा भरपूर.

पहिला तासभर स्कॅनरने गल्ली पाहिलीच नाही. गल्लीने स्कॅनर पाहिला. येणारा प्रत्येक माणूस दोन हात लांबून, समोरच्या भिंतीला घासून जायचा. पडद्यावर सगळ्यांच्या वाटा वाकलेल्या. गल्लीच्या मधोमध खड्डा असावा तशा. शेजारच्या मावशी भाजी घेऊन येत होत्या, त्या थबकल्या. "काय मांडलंस रे हे? ह्याच्यानं कपड्याच्या आतलं दिसतं का?" मी म्हटलं, मावशी, ह्याला कपडेसुद्धा दिसत नाहीत. त्यांचं समाधान झालं नाही. पदर सावरून त्या गेल्या त्या उलट्या बाजूने. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे चाचा येऊन वाकून पाहून गेले. त्यांचा प्रश्न धंद्याचा होता, "बेअरिंग किती दिवस टिकतं?" पोरांनी तर दहा मिनिटांत शोध लावला, की हे एकाच पातळीवर पाहतं. मग कोण त्याच्यावरून उडी मारून न सापडता जातो, याची शर्यत लागली.

मी स्कॅनर उचलला आणि तुळशीच्या रिकाम्या कुंडीआड ठेवला. नुसती फट राहील एवढा. अर्ध्या तासात वाटा सरळ झाल्या.

त्यानंतर जे दिसलं त्याची गंमत अजून जात नाही. पँटवाले पुरुष म्हणजे दोन स्वच्छ पुंजके. साडी नेसलेली बाई म्हणजे एक रुंद पुंजका, मध्ये पायांची फट नाही. बुरख्याचंही तेच. दोन पाय शोधायला शिकवलेल्या प्रोग्रामला अर्धी गल्ली माणूस म्हणून दिसेचना. शेळी गेली, तिचे मात्र चार पाय त्याने इमानदारीने मोजले आणि दोन माणसं लिहिली. तोक्योच्या स्टेशनवर हा पेच फारसा पडला नसावा. जिथे प्रोग्राम लिहिला जातो तिथलीच वस्त्रं त्यात गृहीत धरलेली असतात, हे मला त्या शेळीने शिकवलं.

समोर भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या दारात स्टीलच्या पराती उभ्या करून ठेवलेल्या असतात. लेझर चकचकीत स्टीलवर पडला की तिथून परावर्तित होऊन भलतीकडे जातो आणि तिथला पत्ता परातीच्या मागे लिहितो. त्यामुळे दुकानाच्या आत, भिंतीच्या पलीकडे, माणसं चालताना दिसत होती. मिलमध्ये नव्या पॉलिश केलेल्या रोलरपाशी हाच भास आम्हाला नेहमी छळतो.

सगळ्यांत मजा कट्ट्याची झाली. असे प्रोग्राम आधी रिकाम्या जागेचा नकाशा करतात, आणि बराच वेळ न हललेल्या वस्तूला त्या नकाशात जमा करून टाकतात, म्हणजे खांब, भिंती, उभ्या गाड्या मोजणीत येत नाहीत. आमच्या कट्ट्यावरची चार डोकी रोज संध्याकाळी तिथे बसतात ती जेवायलाच उठतात. थोड्या वेळाने ती चौघं पडद्यावरून पुसली गेली. प्रोग्रामने त्यांना बांधकामात धरलं होतं. मी त्यांना हे सांगितलं तर त्यातला एक जण म्हणाला, "मग घरपट्टी लागंल का?"

आणि मग एक गोष्ट घडली, तिच्यामुळे मी लॅपटॉप मिटला. शेजारचा मुलगा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता. ठिपक्यांचे दोन पुंजके संथ सरकत आले. एक पुढे पडायचा, दुसरा ओढला जायचा. "ही आजी," तो म्हणाला. "डावा पाय ओढती ना." खरंच त्याची आजी मंदिरातून परत येत होती. लेझरला चेहरा दिसत नाही, म्हणून त्यापासून कोणाच्या खासगीपणाला धोका नाही, असं या क्षेत्रातले विक्रेते सांगत असतात. एखाद्या मोठ्या मॉलमध्ये ते खरंही असेल. तिथे ठिपका म्हणजे हजारांतला एक अनोळखी. आमच्या गल्लीत प्रत्येक ठिपक्याला नाव आहे, घर आहे, तो कोणाच्या दारात किती वेळ थांबला यावर चर्चा करणारी माणसं आहेत. भारतात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या नजरेत ओढत टाकलेला पाय कुठे बसतो, हे वकिलांनी पाहावं. मी त्या संध्याकाळची फाइल पुसून टाकली.

गर्दीच्या अभ्यासाचा विषय निघाला की नाशिकची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. मूळचे नाशिकचे असलेले रमेश रासकर तोवर अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झालेले. लेझरशी त्यांचं नातं पाहाल तर थक्क व्हाल. त्यांच्या गटाने सेकंदाला एक लाख कोटी चित्रं टिपण्याच्या तोडीचा कॅमेरा केला, प्रकाशाचा ठोका बाटलीतून पुढे सरकताना दाखवला, आणि २०१२ साली लेझरचे विखुरलेले ठोके मोजून कोपऱ्याआडची वस्तू कशी आहे तेही काढून दाखवलं. अशा माणसाच्या पुढाकाराने नाशिकमध्ये 'कुंभथॉन' सुरू झाली, शहरातल्या तरुण पोरांनी कुंभमेळ्याचे प्रश्न सोडवावेत म्हणून. त्यातून गर्दी मोजायचं जे उपकरण पुढे आलं, ते मात्र रबराची पायपट्टी होती.

नीलय कुलकर्णी हा त्या वेळी पंधरा वर्षांचा. त्याच्या गटातली बाकीची मुलं विशीच्या आगेमागे. पट्टीचं नाव त्यांनी 'आशिओतो' ठेवलं. तिच्यावर पाय पडला की नोंद, आणि ती नोंद लगेच इंटरनेटवरून नियंत्रणाच्या जागी. नीलयने पुढे टेडच्या व्यासपीठावर यामागच्या ज्या खटपटी सांगितल्या, त्या मला आमच्या धंद्यातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाच्या वाटतात. पहिला नमुना तीन दिवसांत केला, पुठ्ठा आणि अॅल्युमिनियमच्या फॉइलचा. मग जरा भारदस्त केला, दाब पडला की विजेचा ठोका देणाऱ्या पीझो चकत्या लावून. तो घेऊन ही पोरं गर्दीची हॉटेलं, मॉल, देवळं अशा तीस ठिकाणी फिरली. आणि काय झालं? पट्टी रंगीत दिसली की लोक घाबरायचे. पाय दिला तर शॉक बसेल का, असं विचारायचे. जमिनीवर काहीतरी विजेचं आहे असं कळलं की सरळ उडी मारून पलीकडे जायचे. म्हणजे मोजणीला आलेला माणूस मोजणीतून निसटला.

यावर उत्तर म्हणून त्यांनी आतला सेन्सर कारखान्यांतल्या सुरक्षा-व्यवस्थेतून उचलला. धोक्याच्या जागी पाय पडला की यंत्र थांबवणारा, आमच्या रोजच्या ओळखीचा. वरून झाकण घातलं काळ्या निओप्रीन रबराचं. काळा रंग निवडण्यात एक फायदा असा निघाला, की रबरावर धूळ बसते, आणि धूळ बसली की पट्टी जमिनीतच मिसळून जाते. धुळीशी आम्ही जन्मभर भांडतो. या पोरांनी तिला कामाला लावली. पट्टीची रुंदी १८ इंच ठेवली. कमी ठेवली तर लांब ढांगा टाकणारा तिच्यावरून निघून जातो, जास्त ठेवली तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. उंची १२ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण गर्दीत एक जण अडखळला तर चेंगराचेंगरी टाळायला आणलेली वस्तूच चेंगराचेंगरीचं कारण होईल. ही बारा मिलिमीटरची अट मला सगळ्यात आवडते. मोजणारी वस्तू लोकांच्या पायात येता कामा नये, हे तिथे फुटपट्टीने ठरलेलं आहे. २०१५ च्या मेळ्यात या पट्ट्यांनी १८ तासांत पाच लाख माणसं मोजली.

लेझर का नाही, असं मला कोणीही विचारावं, मी सांगेन. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी निघणारी माणसं आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पंचवीस-एक किलोमीटरची वाट, आणि रस्ताभर पायांना पाय लागलेले. अशा रांगेच्या कडेला स्कॅनर ठेवला तर त्याला कडेचा पहिला माणूस दिसतो. त्याच्या पलीकडचे चौघं त्याच्या सावलीत. दोन्ही बाजूंनी चार-चार स्कॅनर लावा, मधले पाय तरीही झाकलेलेच राहतात. सावली पडू नये तर मग वरून पाहायला हवं, त्यासाठी खांब हवेत, कमानी हव्यात. पायाखालच्या पट्टीला सावली नसते. प्रत्येक ठिकाणी लेझरच हवा, असं म्हणणारा माणूस एक तर लेझर विकतो किंवा त्याने राजूरची वाट पाहिलेली नाही.

आता माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवतात, हा अभ्यास. त्यातला एक प्रयोग कॅमेऱ्यांनी झाला, पण तो इथे यायलाच हवा. कानपूरच्या आयआयटीतले पार्थ चक्रवर्ती, उज्जल चट्टराज आणि जर्मनीतल्या यूलिख संशोधन केंद्राचे आर्मिन झाइफ्रीड यांनी एकाच मापाची लंबगोल वाट दोन्ही देशांत आखली आणि माणसांना एकामागून एक चालायला लावलं. पुढच्याला मागे टाकायचं नाही, नेहमीसारखं चालायचं. हळूहळू माणसं वाढवत न्यायची. २००९ साली निष्कर्ष छापून आले. गर्दी वाढली की जर्मन माणूस झटकन मंद होतो, कारण त्याला पुढच्याशी बरंच अंतर लागतं. भारतीय माणसाला कमी अंतर पुरतं, तो फारसा मंद होत नाही. आणि जर्मनांच्या शिस्तीपेक्षा आपल्या लोकांच्या विस्कळीत चालण्यातून वाट जास्त चांगली वाहते, असं त्यांना दिसलं, तेही आश्चर्याने. यावर आपण फार फुशारायचं कारण नाही. देवळाच्या रांगेत मागच्याचा श्वास मानेवर घेत उभं राहायची सवय झालेल्या माणसाला, अंतर संपत आलंय ही धोक्याची घंटा उशिरा ऐकू येते, असाही त्याचा अर्थ निघू शकतो. हा अर्थ माझा, त्यांचा नव्हे.

एटीआरवाल्यांचं ओसाकातलं काम मात्र निखळ करमणूक आहे. युनिव्हर्सल स्टुडिओच्या शेजारच्या मॉलमध्ये त्यांनी कमरेच्या उंचीवर लेझर लावले आणि ठिपक्यांवरून माणसांची प्रतवारी केली. घाईत जाणारा, रमतगमत जाणारा, भटकणारा, थांबलेला. हेतू असा, की तिथल्या 'रोबोवी' नावाच्या यंत्रमानवाने घाईतल्या माणसाच्या मागे लागू नये, रेंगाळणाऱ्याला गाठावं आणि दुकानांची माहिती द्यावी. आमच्या बाजारातला कोणताही साडीवाला हे दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांनी करतो. 'या ताई, बघून तर जा' हे तो कोणाला म्हणतो आणि कोणाला म्हणत नाही, ते पाहा. तरी यंत्राला ते शिकवणं सोपं नव्हतं. रोबोवी माणूस बरोबर निवडायचा, त्याच्याकडे निघायचाही, पण माणूस त्याच्या बाजूने तसाच पुढे निघून जायचा. त्याला वाटायचं, हे यंत्र आपल्या कामाला कुठेतरी चाललंय. मग लेझरने दिलेल्या वाटेवरून तो माणूस थोड्या वेळाने कुठे असेल याचा अंदाज बांधून त्याच्या नजरेच्या टप्प्यात, पुढून यायला रोबोवीला शिकवावं लागलं.

त्याच शहरातल्या एटीसी या व्यापारी संकुलात नंतर वरून पाहणारे त्रिमितीय सेन्सर बसवले. ऑक्टोबर २०१२ ते नोव्हेंबर २०१३, दर बुधवारी आणि रविवारी, सकाळी ९.४० ते रात्री ८.२०, असे ९२ दिवस. नऊशे-एक चौरस मीटरमधल्या माणसांच्या वाटा आणि उंचीसुद्धा. ही सगळी माहिती संशोधकांसाठी खुली ठेवलेली आहे.

आणि मग पोरं आली. रोबोवी एकटा दिसला की मुलं त्याची वाट अडवायची. तो नम्रपणे बाजूला व्हायला सांगायचा, मुलं पुन्हा आडवी. मग शिव्या, मग ढकलाढकली, लाथा. संशोधकांनी तेही मोजलं. केव्हा असं होतं? जवळ मोठं माणूस नसलं आणि मुलं एकाहून जास्त असली की. उंचीची नोंद होतीच, त्यामुळे ठेंगणा ठिपका म्हणजे मूल आणि उंच ठिपका म्हणजे थोर, हा हिशेब जमला. २०१५ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्याचा सारांश असा: बुटक्या ठिपक्यांचा घोळका जवळ येतोय आणि आसपास उंच ठिपका नाही, असं दिसलं की रोबोवीने पळ काढायचा आणि जिथे मोठी माणसं उभी आहेत तिकडे जायचं. आईबापांजवळ पोरं आपोआप शहाणी होतात.

पण मुलं असं का करतात, हे सेन्सरला विचारून कळेना. कुठे उभी राहिली, किती वेळ, किती जवळ, हे सगळं होतं. कारण नव्हतं. शेवटी संशोधकांनी त्या मुलांनाच बाजूला घेऊन विचारलं. बऱ्याच मुलांनी सांगितलं, की तो त्यांना यंत्रापेक्षा माणसासारखा वाटला. आणि त्याला त्रास होत असेल असं वाटलं का, या प्रश्नाला त्यांच्यातल्या अनेकांनी 'हो' म्हटलं.

आमच्या गल्लीत असा एखादा रोबोवी फिरवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर आधीच सांगतो. तो घाबरून उंच ठिपक्यांकडे पळेल, पण तिथे त्याचा निभाव लागणार नाही. उडी मारायची शर्यत लागली होती तेव्हा व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरून उभे होते ते सगळे बापच होते.